सर्व संबंधितांपैकी एक

आधी माफी मागते. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आजोबा गिरणीत होते, बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आणि घरातलं आजवरचं सगळं लेखन म्हणजे आईने डब्यांवर चिकटवलेली धणे, जिरे, बडीशेप ही नावं. कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला लिहिता येतं, आणि कॉलेजातल्यांना माहीत आहे की येत नाही. तरी आमच्या समोरच्या खोलीतल्या काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवं. दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून हे धाडस.

माझं म्हणणं असं आहे की, एकाच गोष्टीच्या बाजूने आणि विरोधात, एकाच दिवशी, एकाच माइकवर, तितक्याच मनापासून बोलणारा दुसरा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. हे जरा जास्त झालं असेल. मी काही अख्खा महाराष्ट्र पाहिलेला नाही, मुलुंड ते घाटकोपर एवढाच नीट पाहिला आहे. पण काकांना ओळखणारा कुणीही या बाबतीत माझ्याशी वाद घालणार नाही, आणि वाद घातलाच तर काका त्याच्याही बाजूने बोलतील.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची चाळ आहे. काका मूळचे मालवणकडचे, मला अजून 'चेडवा', म्हणजे मुली, अशीच हाक मारतात. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, मुलगा बाळूदादा गुजरातेत, त्यामुळे खोलीत काका आणि पेपर एवढेच. पेपर ते पुढून वाचत नाहीत. आत जिथे बारीक अक्षरात जाहीर सूचना असतात, ते पान आधी उघडतात आणि गॅलरीत बसून मोठ्याने वाचतात. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की', असं आलं की थांबतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "संबंधित म्हणजे कोण गो, चेडवा?" मी लहानपणी म्हणायचे, माहीत नाही. "अगो, मीच तो. नाव घालायला जागा पुरली नसेल." तेव्हा मला हा विनोद वाटायचा. हल्ली वाटतं, दिवसभरात त्यांना उद्देशून काही लिहिणारं तेवढंच कुणीतरी होतं.

काकांचा स्वभाव दोन्हीकडचा. बाजाराला ते कापडी पिशवी घेऊनच निघतात आणि प्लास्टिक नको म्हणून वाटेत भेटेल त्याला भाषण देतात. पण मासे मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घेतात. आईने एकदा टोकलं तर म्हणाले, "वहिनी, बांगडे कापडात बांधून आणून दाखवा, मी तुमच्या पाया पडतो." मग ती पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालतात आणि पुढच्या खेपेला तीच नेतात. आमच्या गॅलरीत इतरांचे कपडे वाळतात आणि काकांच्या पिशव्या. वारा आला की त्या फुगतात आणि लांबून वाटतं, काकांकडे पाहुणे आलेत. गणपती एका वर्षी शाडूचा आणतात, एका वर्षी प्लास्टरचा. शाडू खाडीसाठी, प्लास्टर कोपऱ्यावरच्या मूर्तिकारासाठी. "त्याला पण पोरं आहेत," म्हणतात. आई म्हणते, हे स्वतःच्या लग्नात पण दोन्ही पक्षांकडून बोलले असतील.

पण त्यांचं खरं क्षेत्र म्हणजे जनसुनावणी. एखादा मोठा प्रकल्प यायचा असला की सरकारी अधिकारी मंडपात बसून लोकांचं म्हणणं ऐकतात, ती जनसुनावणी. रस्ता असो, पूल असो, गोदाम असो, सूचना पेपरात आली की काका शर्टाला इस्त्री करतात. जाताना ते कंपनीने समर्थकांसाठी ठेवलेल्या बसने जातात, कारण तिथे नाश्ता मिळतो. येताना पर्यावरणवाल्या मुलांच्या गाडीतून यायचा त्यांचा बेत असतो, कारण ती मुलं गाणी म्हणतात. घाटकोपरला एका हॉलमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले होते. माइक हातात घेऊन काका म्हणाले, "कंपनीचा वडा उत्तम होता. पण खाडी बुजवू नका." पर्यावरणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. काका पुढे म्हणाले, "आणि रस्ता झालाच पाहिजे." टाळ्या अर्ध्यात थांबल्या, आणि कंपनीवाल्यांना आपण आता सुरू करायच्या की नाही ते कळेना. संध्याकाळी ना त्यांची बस आमच्यासाठी थांबली, ना यांची गाडी. बेस्टच्या स्टॉपवर उभं राहून काका म्हणाले, "बघितलंस? दोघांनाही पटलं नाही. म्हणजे बरोबरच बोललो असणार."

हे असं का, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. काका भांडुपला रंगाच्या कारखान्यात होते, रंग कालवायच्या खात्यात. तिथलं सांडपाणी नाल्यात जायचं आणि नाला खाडीला मिळायचा. कारखान्यात ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नाला त्या रंगाचा. बायका गच्चीवरून नाला बघून सांगायच्या, आज पोपटी चाललाय वाटतं. तक्रारी झाल्या, नोटिसा आल्या, आणि सुधारणा करण्यापेक्षा जागा विकणं मालकाला सोपं वाटलं. कारखाना गुजरातेत गेला. बाळूदादा तिथेच प्रयोगशाळेत होता, तोही कारखान्याबरोबर गेला. थोड्या दिवसांचं आहे, इकडे काही निघालं की येतो, असं म्हणून गेला. जुन्या जागेवर टॉवर झाला. नाल्याचा रंग गेला, काकांचा खोकलाही कमी झाला.

हिवाळ्यात काका भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या कडेला फ्लेमिंगो बघायला जातात. "कंपनी होती तेव्हा मी एक पण पक्षी बघितला नाही," ते मला म्हणाले. "कंपनी गेली, हे आले. बाळू गेला. आता तूच सांग, मी कुठल्या बाजूने बोलू?" पक्ष्यांचे फोटो काढून ते बाळूदादाला पाठवतात. फोटोत बहुतेक चिखल असतो आणि लांबवर थोडं गुलाबी. बाळूदादाकडून अंगठा येतो. तो अंगठा काका मला दाखवतात, जणू काही चार पानी पत्र आलंय.

एकदा तिथे कॅमेरा गळ्यात घातलेल्या एका मुलाने त्यांना सांगितलं, की काका, पाणी स्वच्छ झालं म्हणून पक्षी आले असं काही नाही, उलट गटाराच्या पाण्यावर जे शेवाळ वाढतं ते खायला ते येतात. काका दोन दिवस खाडीकडे फिरकले नाहीत. मग आमच्या दारात येऊन म्हणाले, "म्हणजे थोडी घाण पण पाहिजे?" मी म्हटलं, असेल. "किती पाहिजे, ते तुमच्या कॉलेजात कुणाला विचारशील काय?" मी सरांना विचारलं. सर म्हणाले, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

अभ्यासक्रमात वेगळा प्रश्न होता. तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मला विषय मिळाला, राज्याचा आर्थिक विकास आणि पर्यावरणाची जबाबदारी यांतला समतोल. मी बरीच पानं लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'अशा प्रकारे दोन्हींचा समतोल साधणे गरजेचे आहे.' काकांनी वाचून वही परत दिली. "गरजेचं आहे तर साध ना मग." मी म्हटलं, काका, मी कशी साधणार? "बरोबर आहे, तू लहान आहेस," ते म्हणाले, "आणि मला कुणी विचारत नाही." मग जरा विचार करून त्यांनी मला त्यांची स्वतःची योजना सांगितली. सगळे कारखाने फक्त पावसाळ्यात चालवायचे, कारण तेव्हा पक्षी नसतात, आणि कामगारांना उरलेलं वर्षभर रजा. मी ती प्रकल्पात घातली नाही.

त्याच वर्षी ती सूचना आली. राज्याच्या उद्योग धोरणाखाली मिठागरांच्या कडेला छोट्या कारखान्यांची वसाहत होणार होती. काकांनी सूचना मोठ्याने वाचली नाही. मनातच दोनदा वाचली आणि म्हणाले, "चेडवा, यात रंगवाले पण असतील. बाळूला इथे काम मिळेल." मग बराच वेळ खाडीच्या दिशेने बघत बसले. या खेपेला मला नीट लिहून दे, म्हणाले. माइकवर तीनच मिनिटं मिळतात, आणि आपलं म्हणणं वाया जाता कामा नये.

सुनावणीच्या दिवशी मंडपाच्या दारात दोन टेबलं होती, एकावर समर्थन अशी पाटी आणि दुसऱ्यावर विरोध. काकांनी नेहमीप्रमाणे दोन्हीकडे नाव लिहिलं. दुसऱ्या टेबलावरचा कारकून वैतागला. "ओ काका, कुठेतरी एकीकडे लिहा ना."

"मग मधे एक टेबल टाका."

"मंडपवाल्याने दोनच पाठवलीत."

"मी आमच्या घरातलं आणू? लांब नाही."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे लिहू दे यार, म्हातारा दोन्हीकडून जेवतो." लोक हसले. काकाही हसले.

मी लिहून दिलेलं भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही. माइक धरला आणि म्हणाले, "साहेब, कारखाने आणा. माझा मुलगा परत येईल असे आणा. पण खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांपासून लांब बांधा, आणि पाणी साफ केल्याशिवाय नाल्यात सोडणारा एक पण घेऊ नका. तो नाला मी स्वतः रंगवलाय. तेव्हा मला वाटायचं पगार मिळतोय ना, झालं. पोरगा पण त्यातच गेला आणि ..." इथे घंटा वाजली. तीन मिनिटं झाली नव्हती, घंटा वाजवणाऱ्याला वाटलं ते संपले.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, हे समर्थन समजायचं की विरोध?"

"दोन्ही लिहा, साहेब."

"दोन्ही लिहिता येत नाही."

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं, तेव्हा समर्थनातली नावं झाली, विरोधातली झाली, आणि सगळ्यात शेवटी 'इतर' म्हणून काकांचं एकट्याचं नाव आलं. त्या दिवशी आम्ही चालतच घरी आलो. वाटेत ते एवढंच बोलले, "इतके दिवस संबंधित होतो. आज इतर झालो."

निकाल यायला बरेच महिने गेले. माझी परीक्षा झाली, फ्लेमिंगो येऊन परत गेले. मग एका सकाळी मोबाइलवर बातमी वाचली. वसाहतीला परवानगी मिळाली होती, अटींसह. बांधकाम तिवरांपासून मागे घ्यायचं, आणि पाणी शुद्ध करायची सोय आधी दाखवायची. काकांचं ऐकून केलं असेल असं मी म्हणत नाही, बऱ्याच लोकांनी बरंच काही सांगितलं होतं. पण त्यांनी मागितलं होतं जवळजवळ तेच झालं होतं, आणि मी ओरडतच त्यांच्या दारात गेले.

काका उंबऱ्यात बसले होते, हातात फोन. "वाचलं गो," म्हणाले. "पेपर आला तेव्हाच वाचलं. लगेच बाळूला फोन केला. म्हटलं, ये आता, इथे निघतंय."

"मग? काय म्हणाला?"

"तिथे घर घेतलं त्याने. दिवाळीतच घेतलं. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नव्हता." मग म्हणाले, "नातीची शाळा समोरच आहे म्हणे. ती गुजराती झकास बोलते."

दोरीवरच्या पिशव्या वाऱ्याने हलत होत्या. काकांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना मराठी टाइप करता येत नाही, नेहमी मीच करते. "लिही," म्हणाले. "घर घेतलंस ते चांगलं केलंस. माझं पूर्ण समर्थन आहे."

मी लिहिलं आणि सवयीने विचारलं, "आणि विरोध?"

काकांनी उठून दोरीवरची एक पिशवी काढली आणि तिची घडी घातली.

"तो नको लिहू," ते म्हणाले. "तिथे जवळ खाडी आहे काय, तेवढं विचार."