उल्का खांबेटेचे हलके फोटो

लखनौच्या जुन्या दरवाजांवर मासे असतात. चुन्याचे, जोडीनं, समोरासमोर. नवाबी अमलाची खूण. नवऱ्याच्या बदलीमुळे उल्का खांबेटे नागपूरहून इंदिरानगरात राहायला आली, तेव्हा हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा भांडी घ्यायला यहियागंजला गेली असताना तिनं सहज मान वर केली आणि मासे दिसले. त्यानंतर त्या शहरात तिची मान फारशी खाली आली नाही.

२००६ साली भावानं तिला डिजिटल कॅमेरा दिला. रविवारी सकाळी प्रसन्न, तिचा नवरा, तिला स्कूटरवरून जुन्या शहरात न्यायचा. हौसेनं नाही. ती एकटी गेली की जेवायला उशीर व्हायचा, म्हणून. तो बँकेत अधिकारी होता. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून पेपर वाचत बसायचा आणि मधूनच ओरडायचा, "झाले का तुझे मासे? मंडईत तरी इतका वेळ लागत नाही."

पुढच्या वर्षी तिनं ब्लॉग सुरू केला. दर आठवड्याला एक दरवाजा. मोठा फोटो, खाली चार ओळी. कुठली गल्ली, कुठलं वळण, चुना कुठे उडालाय. वाचणारे मोजकेच. त्यात एक डॉ. दीनानाथ वझे. एका सरकारी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, मराठी मंडळातलं मोठं नाव. प्रसन्नचे स्नेही, म्हणून उल्का त्यांना भाऊजी म्हणायची.

"वहिनी, खवला न खवला मोजता येतो हो!" एकदा जेवताना ते म्हणाले. "आमच्या संस्थेचं नेट जोरदार. बसल्या बसल्या सगळे उतरवून घेतले."

उल्कानं त्यांना आग्रहानं आणखी एक पुरणपोळी वाढली. आपले फोटो कुणीतरी जपून ठेवलेत याचं तिला केवढं अप्रूप वाटलं.

तीनेक वर्षांत ब्लॉगची फुकटची जागा भरत आली. पान उघडायलाही वेळ लागायचा. त्यावरही भाऊजींनीच तोड काढली.

"माझी भाची म्हणते, तुमचा ब्लॉग उघडेपर्यंत तिचा चहा होतो. फोटो हलके करा, वहिनी. मी प्रोग्रॅम आणून देतो."

पेन ड्राइव्हवर प्रोग्रॅम आला. त्यांनी स्वतः तो कॉम्प्युटरवर बसवला, फोटोंची रुंदी ठरवून दिली आणि म्हणाले, "सगळं सेट केलंय. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

ते गेल्यावर उल्कानं सगळे फोटो निवडले. प्रोग्रॅमनं विचारलं, जुन्या फाइलवरच नवी लिहू का? ती क्षणभर थांबली. एकाच फोटोच्या दोन दोन फायली ठेवायच्या कशाला? तिच्या घरात एका मापाची दोन पातेलीसुद्धा नव्हती. जास्तीचं ते अडगळीचं, ही तिच्या आईची शिस्त. कॅमेऱ्यातलं कार्ड तर ती दर रविवारी पुसूनच घराबाहेर पडायची. तिनं हो म्हटलं.

हिरवी पट्टी सरकत गेली. तीन एमबीचा फोटो साठ केबीचा झाला. मग तिनं ब्लॉगवरचे मोठे फोटो काढून हे हलके चढवले. पान फुलासारखं उघडायला लागलं. तिनं भाऊजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "शाबास."

२०१३ च्या गणेशोत्सवात मंडळात एका पुस्तकाचं प्रकाशन झालं. जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. लखनौचे दरवाजे आणि त्यांवरचे मासे. लेखन आणि छायाचित्रे, डॉ. दीनानाथ वझे.

पहिल्याच पानावर यहियागंजचा दरवाजा होता. उल्कानं पान उलटलं. तिचाच फोटो. पुढे, तिचाच. तिला आधी वाटलं, नाव छापायचं राहून गेलं असेल. तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला.

"कुठले फोटो, वहिनी?" भाऊजींचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "ते मीच नव्हते का दिले तुम्हाला? ब्लॉगला लावायला, छोटे करून?"

उल्कानं फोन ठेवून दिला.

प्रसन्न संध्याकाळी म्हणाला, "प्रणिताची नेमणुकीची ऑर्डर निघायची आहे, माहीत आहे ना? त्यांच्याच प्रोजेक्टमध्ये. नसतं उकरून काढू नकोस."

प्रणिता, त्यांची मुलगी, नुकतीच एमएस्सी झाली होती. ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "मम्मी, यार, फोटो ही तो हैं. कौन देखता है?"

उल्का तरीही मंडळात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती घरातल्यांच्या मनाविरुद्ध कुठेतरी जात होती. फोटोखाली आपलं नाव हवं, एवढंच तिचं मागणं होतं.

मंडळाचे अध्यक्ष भास्करराव निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. उल्का म्हणाली, ब्लॉगवरच्या तारखा बघा. भाऊजी म्हणाले, ब्लॉगवर मागची तारीख टाकता येते. भास्कररावांनी तोडगा काढला.

"दोघंही आपापल्या मूळ फायली आणा. रविवारी पडद्यावर दाखवू. ज्याची फाइल मोठी, त्याचा फोटो. सरळ हिशोब आहे."

घरी येऊन उल्कानं फोल्डर उघडलं. साठ केबी. पंचावन्न केबी. बासष्ट. खाली खालीपर्यंत तेच. ती हजरतगंजला एका माहीतगार माणसाकडे कॉम्प्युटर घेऊन गेली. त्यानं बराच वेळ खटपट केली. मग म्हणाला, "मैडम, आपने ऊपर से लिख दिया है. नीचे कुछ नहीं बचा."

पुन्हा फोटो काढावेत तर निम्मे दरवाजे पडले होते. उरलेल्यांवर ऑइलपेंट चढला होता.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. समोसे होते. आधी उल्काचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्याएवढा केल्यावर यहियागंजचा दरवाजा विरघळला. माशांच्या जागी राखाडी चौकोन दिसायला लागले.

"मासे आहेत की बर्फी?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मग भाऊजींचा. तोच दरवाजा. खवला न खवला. हॉलमध्ये "वा!" असा आवाज झाला. उल्काच्याही तोंडून तो निघता निघता राहिला. आपण काढलेला फोटो किती सुंदर होता, हे तिला तीन वर्षांनी पुन्हा दिसत होतं.

आणि डाव्या कोपऱ्यात तिला स्कूटर दिसली. मागच्या स्टेपनीवर निळ्या फुलांचं कव्हर. बेडरूमच्या जुन्या पडद्याचं. तिनं हातानं शिवलेलं, एक टाका वाकडा गेलेला. तो वाकडा टाकासुद्धा दिसत होता.

ती उभी राहिली. "ती आमची स्कूटर आहे! ते कव्हर मी शिवलंय. अहो, सांगा ना. तुम्ही तिथेच पेपर वाचत होतात."

सगळ्यांनी प्रसन्नकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. अगदी शांतपणे, चहाचा कप हातात धरून. प्रसन्नच्या शेजारी प्रणिता बसली होती. तिनं बापाच्या मनगटावर हात ठेवला.

प्रसन्ननं घसा साफ केला.

"असली कव्हरं चारबागच्या बाजारात ढिगानं मिळतात," तो म्हणाला. "हिला हल्ली सगळं आपलंच वाटतं."

पुन्हा हसू उठलं. या वेळी मोकळं, निर्धास्त. भास्कररावांनी प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं. भाऊजी जवळ येऊन हात जोडत म्हणाले, "वहिनी, माझ्या मनात काही नाही हं. दुसऱ्या आवृत्तीत तुमचे आभार मानतो."

उल्का खाली बसली. कुणीतरी तिच्यापुढे समोसा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ब्लॉग पुसला. फोटो, गल्ल्या, वळणं, सगळ्या चार चार ओळी. कॉम्प्युटरनं नेहमीसारखंच विचारलं, नक्की का? पंधरवड्यात प्रणिताची ऑर्डर आली. प्रसन्ननं पेढे आणले. उल्कानं ते शेजारीपाजारी वाटले.

हिवाळ्यात एका दुपारी प्रणिताचा संस्थेतून फोन आला.

"मम्मी, सुनो ना. सर की बुक का सेकंड एडिशन आ रहा है. सर को और फोटो डालने हैं, पर जगह याद नहीं. एक गेट है, एका माशाचं शेपूट तुटलंय. ऊपर पीपल उगा है. ये कहाँ का है?"

उल्का भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

तिला वाटलं, माहीत नाही म्हणावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तो दरवाजा पडलेला तिनं स्वतः पाहिला होता. तो कुठे होता हे आता सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"राजा बाजार," ती म्हणाली. "पतंगवाल्याच्या दुकानावरून उजवीकडे. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी होता. आता नाही."

"अच्छा, रुको, लिख लूँ."

फोन तिकडे टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून प्रणिताचा आवाज, उत्साहानं भरलेला.

"सर, मिल गया! मुझे याद आ गया कहाँ का है."

"शाबास," भाऊजी म्हणाले. "मराठी मुलगी म्हणजे कशी हुशार. पुढचा दाखव."

प्रणितानं फोन उचलला. "मम्मी? हो ना लाइन पे? एक और है."

"आहे," उल्का म्हणाली. "सांग."