मांजर असलेल्या घरातला कापूर

मांजर पाळली की घराला मांजरीचा वास येतो, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तरी जिन्यात सापडलेल्या तिला मी तिथेच सोडून आले नसते. पण निदान मनाची तयारी तरी केली असती! गंगापूर रोडवरचा आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यात मी, देवळ्याहून कायमची राहायला आलेली माझी आई, मांजरी, आणि बाल्कनीच्या दाराशी मांजरीचा रेतीचा ट्रे. शेजारीण दारात येऊन बोलायची ती नाकाला ओढणी लावूनच. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आधी मी सुगंधी फवारा आणला. तो मारला की मांजरी शिंकून शिंकून बेजार. मग प्लगमध्ये लावायची अत्तराची बाटली आणली. मग मोबाइलवर वाचलं की असली रसायनं मुक्या जनावरांना सोसत नाहीत. झालं! दोन्ही वस्तू उचलल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मला असल्या बाबतीत दम म्हणून नाही. आता या घरात येईल ते नैसर्गिकच, असं जाहीर केलं आणि रविवार कारंज्यावर पूजेच्या दुकानात जाऊन भीमसेनी कापूर आणला, सोबत विजेवर चालणारी कापूरदाणी. देवाला चालतो तो कापूर मांजरीला का चालू नये? माझा हिशेब एवढा साधा होता.

सगळ्यात खूश झाली ती आई. एरवी माझ्या खरेदीला नावं ठेवणारी बाई, पण कापूरदाणीचा ताबा तिने पहिल्याच दिवशी घेतला. सकाळी देवपूजा झाली की एक वडी, दुपारी एक, दिवेलागणीला दोन. शेजारी पाट टाकून बसायची आणि मान पुढे काढून लांब श्वास घ्यायची. मांजरी तिच्या मांडीवर. मी म्हणायचे, "अगं, पुरे की! देवही आता पंखा लावायला सांगेल." त्यावर ती म्हणायची, "तू तुझं काम बघ."

आणि एका सकाळी मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उठून चालायला गेली तर मागचे पाय भलतीकडेच. ओढणीत गुंडाळून तिला रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात धूप, तेलं, कापूर, काय काय लावता?"

"कापूर. पण शुद्ध भीमसेनी हं, डॉक्टर," मी ऐटीत सांगितलं.

"अहो ताई, शुद्ध आहे म्हणून तर जास्त लागला," ते म्हणाले. कापूर, निलगिरी, गवती चहाचं तेल, लॅव्हेंडर, सगळं झाडापासूनच येतं, पण मांजरीच्या यकृताला ते निस्तरता येत नाही. हवेतलं अंगावर बसतं, आणि ती दिवसभर अंग चाटते. म्हणजे सगळं पोटात. "मग वासाला लावू तरी काय?" मी वैतागून विचारलं. ते म्हणाले, रेती रोज बदला, फरशी साध्या पाण्याने पुसा, खिडक्या उघड्या ठेवा. अगदीच हौस असेल तर गुलाबाची चार फुलं ठेवा. लिली मात्र चुकूनही नको. आणि पुन्हा असा त्रास झाला तर ती वाचेलच असं नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

तिला सलाइन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. घरी आल्याआल्या मी कापूरदाणी बंद करून बाहेर ठेवली आणि आईला सगळं समजावलं. आईने मांजरीला मांडीवर घेतलं. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून येते तर काय, आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी आणि तळहातावर कापराची डबी उघडी! पायाशी मांजरी. माझं डोकंच फिरलं. मी घर डोक्यावर घेतलं. "मांजर मारायचीय का तुला? देवाला तुपाची वात पुरत नाही का? एवढा काय त्या कापरात जीव अडकलाय तुझा?"

आईने डबी घट्ट मिटली. रडायला आलं की ती अहिराणीवर येते. म्हणाली, "माले वासच येस नही, पोरी."

मला क्षणभर कळलंच नाही. मग तिने सांगितलं. करोनाच्या साथीत तिला ताप आला होता, तेव्हापासून फोडणीचा नाही, फुलाचा नाही, मातीचा नाही, कसलाच वास नाही. फक्त कापूर नाकाशी धरला की आत गार झणझणतं. वास नव्हेच तो, पण नाक जिवंत आहे एवढं तरी वाटतं. आणि मला सांगितलं नाही, कारण गॅसचा वास कळत नाही म्हटल्यावर मी तिला ओट्याशी उभं राहू दिलं नसतं, आणि मग दिवसभर या परक्या शहरात तिने करायचं काय?

मी तिथेच खाली बसले. राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "असं कर, डबी खाली पार्किंगमध्ये नेऊन हुंगत जा. वर आलीस की हात धू."

"नको," ती म्हणाली. "मांडीवर येऊन पदर चाटते ती. त्या पदराला लागलेलं कुठं कुठं धूत बसू?" आणि डबी माझ्या हातात दिली. तिच्याजवळ राहिलेलं ते शेवटचं होतं, आणि तिने ते एवढ्या सहज दिलं की मलाच भडभडून आलं. मी गॅसगळती झाली की वाजणारं यंत्र बसवून घेतलं. ओटा तिचाच राहिला.

आठवडाभरात मांजरी नीट चालायला लागली. परवा संध्याकाळी खिडक्या उघड्या होत्या, ती आईच्या मांडीवर पसरली होती. आईने सवयीने तिच्या मानेत नाक खुपसलं, लांब श्वास घेतला, मग मला म्हणाली, "हिच्या अंगाला कसला वास येतो गं?"

मी वाकून हुंगलं. "तुझा," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कसा?"

मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण एवढं सांगताना चाचरले. खोबरेल तेलाचा, म्हटलं. वाळलेल्या लुगड्याचा. भाकरीच्या पिठाचा. लहानपणी तापात मला तू कुशीत घ्यायचीस, तेव्हा यायचा तोच.

आई डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले तशी म्हणाली, "अजून सांग."