तिरकी होऊन परत येते म्हणे!

चाचणीत पास झालेल्या वस्तूंचे रिपोर्ट होतात आणि नापास झालेल्यांचे किस्से. तिकडे उत्तरेत, मानक नगरात आम्ही तिघांनी सगळी नोकरी रेल्वेच्या चाचण्या घेण्यात काढली, त्यामुळे रिपोर्ट विसरलो आणि किस्से साठत गेले. मी ब्रेकवाला, फडणीस पुलांचे, जोगळेकर डब्यांचे. धंदाच संशयाचा! दूधवाला ‘आज दूध एकदम बढ़िया है’ म्हणाला की आमचा पहिला प्रश्न, ‘क्यों?’

तर या मंडळींत शिडाची बोट शिरली, त्याचं हे पुराण.

* * *

रिटायर झाल्यावर लोक इथल्या वृंदावन योजनेत फ्लॅट घेतात. जोगळेकरांनी एका रविवारी आपल्या घरी चहा पिता पिता जाहीर केलं, “मी शिडाची बोट घेतोय. सेकंड हँड, अकरा मीटरची, गोव्यात उभी आहे. दोघांनी तिच्यातच राहायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं!”

“दोघं म्हणजे कोण?” स्वयंपाकघरातून जोगळेकर वहिनींचा आवाज आला.

वहिनी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. “सुरक्षित आहे का, ते एका शब्दात सांगा.”

“तत्त्वतः आहे, परंतु समुद्राची स्थिती, वाऱ्याचा वेग...”

“एका शब्दात!”

आता हे जोगळेकरांना कसं जमणार? त्यांची एकही सही ‘परंतु’शिवाय कागदावर उतरली नव्हती. ते नुसते चष्मा पुसत बसले.

“मग राहू दे तुमची बोट,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

फाटकापाशी जोगळेकर आम्हाला म्हणाले, “मी आयुष्यभर चाचणीच्या गाड्यांतून हिंडलो, ती इथे एकटी राहिली. ती येणार नसेल तर मला बोट नको.” मला फार वाईट वाटलं. फडणिसांनाही वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “आपण तपासू. सगळं तपासू.”

* * *

पहिला प्रश्न अर्थातच माझा. “ब्रेक कुठे आहे?”

“ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर वाऱ्याकडे तोंड करायचं. शीड फडफडतं, बोट थांबते.”

“म्हणजे वादळात सापडलो, तर थांबायला वादळाकडेच तोंड करायचं?”

“तत्त्वतः हो, परंतु...”

माझ्यापुरती ती बोट तिथेच नापास झाली होती.

* * *

मग वेगाची पाळी. बोट सात नॉट जाते, असं गोव्याच्या दलालाने कळवलं होतं. फडणिसांनी तोंडी हिशेब केला, “तासाला तेरा किलोमीटर! अहो, इथे अलीगंजात स्कूटर याहून जोरात जाते, तीसुद्धा गर्दीत.”

“बोटीचा वेग तिच्या लांबीवर असतो,” जोगळेकर समजावू लागले. “पाण्यात जेवढी लांब, तेवढी जास्त वेगाने जाते.”

फडणिसांनी माझ्याकडे पाहिलं. लांब गाडी जास्त पळते असं सांगणाऱ्याला आमच्या ऑफिसात कुणी चहासुद्धा दिला नसता!

* * *

बातमी कॉलनीत पसरलीच. शेजारच्या मिश्राजींनी जोगळेकरांना भाजीच्या ठेल्यापाशी गाठलं. “भाईसाहब, सुना है नाव ले रहे हैं? समुंदर वाली?”

“हाँ जी.”

मिश्राजींनी बराच विचार केला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, “पार्किंग अपनी है या सोसाइटी की?”

* * *

खरं भांडण झालं ते फोटोवरून. दलालाने अभिमानाने बोटीचा फोटो पाठवला, भर वाऱ्यात, एका अंगावर कललेली.

“ही तर पडली!” फडणीस ओरडले.

“पडली नाही, चालली आहे. वजनाचा तिसरा हिस्सा तळाखालच्या लोखंडी पात्यात असतो. ते तिला ओढून सरळ करतं. एकशे वीस अंश कलली तरी परत येते.”

“एकशे वीस अंश म्हणजे डोलकाठी पाण्याखाली! तिथून परत आलेला माणूस दाखवा.”

माणूस काही मिळेना. म्हणून आम्ही कूलरची टाकी गच्चीवर भरली, लाकडाची बोट केली आणि तिच्याखाली वहिनींच्या खलबत्त्यातला बत्ता बांधला. बोट बुडाली. मग लाकूड वाढवलं. आता पंख्याच्या वाऱ्याने ती आडवी व्हायची आणि परत उठायची, आडवी व्हायची आणि परत उठायची.

फडणीस शांतपणे म्हणाले, “हे श्रेय बत्त्याचं आहे. बोटीचं नाही.”

* * *

पावसाळ्यानंतर आम्ही तिघे गोव्याला गेलो. बोट किनाऱ्यावर काढून ठेवली होती, नवाकोरा पांढरा रंग. फडणिसांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली आणि पुलाचे रिव्हेट तपासतात तसे ते बोटीभोवती ठोकत निघाले. दलाल कामत हसत होते.

टण्. टण्. टण्. सुकाणूपाशी धप्.

कामतांचं हसू गेलं. “नवीन रंग आहे ना साहेब, म्हणून आवाज तसा येतो.”

“रंग सगळीकडे नवीन आहे,” फडणीस म्हणाले. “धप् इथेच का?”

तो भाग उघडला तर आत पाणी मुरलेलं! कामतांनी मुकाट्याने दुरुस्ती कबूल केली आणि जाताना मला विचारलं, “हे साहेब स्वतःच्या लग्नातसुद्धा हातोडी घेऊन गेले होते काय?”

* * *

दुरुस्तीनंतर चाचणीची फेरी होती. वहिनी आल्या, पण “नुसती बघायला”. सुकाणू जोगळेकरांकडे आणि शेजारी कामत.

खाडीच्या तोंडाबाहेर पडलो आणि वारा आला. बोट अशी कलली की एका बाजूचा कठडा पाण्याला टेकला. कप घरंगळले. मी डोळे मिटले. फडणिसांनी दोन्ही हातांनी एक दोर धरला, कसला ते त्यांनाही माहीत नव्हतं. वहिनी खालच्या बाजूला कठडा धरून बसलेल्या, पदर ओला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ही परत उभी राहील ना?”

“गणिताप्रमाणे राहायला...”

“गणिताला नाही विचारलं. तुम्हाला विचारतेय.”

जोगळेकरांनी शिडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

“राहील.”

मी वाट पाहिली. ‘परंतु’ आला नाही.

बोट अजून तिरकीच होती. वहिनींनी कठड्यावरचे दोन्ही हात काढले, पिशवीतून लाडवांचा डबा काढून उघडला आणि फडणिसांपुढे केला. “भावजी, घ्या.”

फडणिसांनी दोर सोडला नाही. त्यांनी लाडवासाठी नुसतं तोंड उघडलं.