कथेचा शेवट पोहोचवायला तिकोणा पेठेत

लोक तिकोण्याला ट्रेकला जातात, पवनेच्या काठी तंबूत राहायला जातात. मी गेले ते माझ्या कथेचा शेवट पोहोचवायला. हसू नका, खरंच सांगतेय.

झालं असं की यंदाच्या दिवाळी अंकात माझी पहिली कथा छापून आली. पहिली म्हणजे छापलेली पहिली. परत आलेल्यांचा संसार वेगळाच आहे. चिंचवडच्या ऑफिसला निघायच्या आधी, मम्मीचा कुकर होईपर्यंत, ओट्याशेजारी बसून मी लिहिते. अंक हातात आला तेव्हा मी आठवडाभर हवेतच होते. नातेवाइकांना अंक वाटले, ग्रुपवर फोटो टाकला. उत्तरादाखल पन्नास अंगठे आले, आणि आत्याचं एक वाक्य: "फोटोत जाड दिसतेस गं." कथा वाचली असं मात्र एकाही माणसानं कळवलं नाही. मरू दे ते लिहिणं, केकचा क्लास लावू, इथपर्यंत माझी गाडी आली होती.

आणि मग फोन आला. आपल्याकडे दिवाळी अंकात लेखकाच्या नावाखाली मोबाईल नंबर छापतात, माहितीये ना? अनोळखी नंबर बघून क्रेडिट कार्डवाले असणार म्हणून मी खेकसूनच उचलला.

"स्नेहलताई का? मी तिकोणा पेठंवरनं कमल बोलतीये. त्या मानसाचं फुडं काय झालं वो?"

"कुठल्या माणसाचं?"

"आवो, तुमच्या गोष्टीतल्या! रोज डबा घिऊन ठेसनावर बसतो त्यो. हितं तंबूत पोरं आलती, त्यांनी अंक टाकून दिला. पर शेवटची पानंच न्हाईत. शेकोटी पेटवाया फाडली वाटतं मेल्यांनी."

म्हणजे माझ्या पहिल्यावहिल्या शेवटावर कुणीतरी कणीस भाजून खाल्लं होतं! पण वाचक तर मिळाली. मला इतका आनंद झाला की ऑफिसच्या जिन्यात मी एकटीच नाचले. पानांचे फोटो पाठवावेत तर कमलमावशींचा फोन बटणांचा. फोनवरच सांगते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "नगं, तशी गंमत न्हाई येत." शेवटी रविवारी मीच अंक घेऊन येते असं कबूल केलं.

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "अनोळखी घरी एकटी कशाला? मी येतो." झाली का पंचाईत!

कारण ती कथा पप्पांची आहे. पप्पा देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झाले, आणि लगेच एका कंत्राटदाराकडे काम लागलं असं सांगून रोज डबा घेऊन निघू लागले. एकदा तळेगावला मैत्रिणीकडे जाताना लोकलच्या खिडकीतून ते मला दिसले. घोरावाडीच्या फलाटावर, टोकाच्या बाकड्यावर, नुसतेच बसलेले. मी घरात कुणाला काही बोलले नाही. पुढे कधीतरी "काम संपलं" म्हणून त्यांचं जाणं थांबलं. मी मात्र त्यावर कथा लिहून मोकळी झाले. अंक दिला तेव्हा पप्पा म्हणाले होते, "ठेव टीव्हीजवळ, वाचतो निवांत." तो तिथंच पडून राहिला, आणि खरं सांगू का, मला हायसं वाटलं. मुलीनं आपलं दुःख चार लोकांत मांडलं असं वाटून ते दुखावले असते तर मी काय केलं असतं? आता त्यांच्याच सोबत तो शेवट पोहोचवायला निघायचं होतं.

देहूरोडहून रविवारी सकाळची लोणावळा लोकल अगदी निवांत असते. खिडकी मिळते, तिकीट चहाच्या भावात पडतं. एक मात्र लक्षात ठेवा, दुपारी लोकलना मोठी सुट्टी असते, परतीची वेळ बघूनच निघा. घोरावाडी आलं तेव्हा पप्पा वाकून बुटाची लेस बांधत बसले. गाडी हलेपर्यंत बांधतच होते. मी पण समोरची जाहिरात फार मन लावून वाचली.

कामशेतला उतरून गरम वडापाव खाल्ला आणि पवनानगरची जीप धरली. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. घाई असेल तर आपली दुचाकी आणा. मागच्या सीटवर आमचे गुडघे हनुवटीला लागले होते.

"ट्रेकला का काका?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही," पप्पा ऐटीत म्हणाले, "आमच्या मुलीची वाचक राहते इथं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पवनानगरच्या पुढे मात्र डोळे निवतात. भातं काढून झालेली, खाचरांत पेंढ्या रचलेल्या, वळणावळणाला धरणाचं पाणी डोकावतंय, पलीकडे तुंग किल्ला आणि समोर तिकोणा. गडावर जायचं असेल तर पेठेतूनच वाट आहे. शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, चपला घालून शहाणपणा करू नका. आम्ही गडाला खालूनच नमस्कार केला.

कमलमावशी पडवीत उभ्याच होत्या. साठीच्या, काटक, कपाळाला पीठ लागलेलं. त्या तंबूवाल्यांसाठी भाकऱ्या करतात आणि पर्यटक टाकून जातात ते सगळं वाचतात, अगदी औषधाच्या चिठ्ठ्यासुद्धा. भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघून पप्पांनी "जय भीम, मावशी" म्हटलं आणि पाचच मिनिटांत दोघांची मुळं कुठल्या कुठल्या गावात जाऊन भिडली.

मी अंक पुढे केला. मावशींनी तो हातातच घेतला नाही.

"पयलं येक सांगा. मारला न्हाई ना तुमी त्याला? न्हाईतर मला ऐकायचंच न्हाई."

"नाही मावशी, जिवंत आहे."

"मग वाचा. लिवणारीच्या तोंडनं ऐकू द्या."

मी पप्पांकडे बघितलं. "पप्पा, तुम्ही धरण बघून या ना तोवर."

"धरण कुठं पळतंय? ऐकतो की मीही."

वाचलं मग. पहिली ओळ दोनदा वाचली गेली. शेवटात त्या माणसाची बायको दुपारी दुसरा डबा घेऊन फलाटावर येते, "सरका जरा" म्हणते आणि शेजारी बसून जेवते. काही विचारत नाही. एवढंच आहे. मावशींनी पदरानं डोळे पुसले. "ग्वाड लिवलंय गं बाई. लय ग्वाड." माझं इतक्या वर्षांचं पहाटे उठणं तिथंच फिटलं. मग त्या पप्पांकडे वळल्या. "काय भाऊ, पटलं का तुमाला?"

पप्पा जमिनीकडे बघत होते. "बायकोला कसं कळलं, ते लिहिलं नाही हिनं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

बस्स. गोष्ट कुणाची ते कळलंच होतं त्यांना. पुढे माशाचं कालवण, भाकरी, वर लसणाची चटणी असं फर्स्टक्लास जेवण होतं. तुम्ही गेलात तर असं घरचं जेवण आधी सांगून ठेवा, हॉटेलच्या नादी लागू नका. निघताना मावशींनी माझा अंक ठेवून घेतला आणि त्यांचा फाटका मला दिला.

मम्मीनं चिक्की सांगितली होती, म्हणून कामशेतहून उलटे लोणावळ्याला गेलो. रविवारच्या लोणावळ्याबद्दल काय लिहू? रस्ता ओलांडायला धीर लागतो आणि चिक्कीच्या दुकानात कोपर. परतीच्या लोकलमध्ये पप्पांनी हात पुढे केला. "तो फाटका दे." देहूरोड येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. घोरावाडी येऊन गेलं, तेही त्यांना कळलं नाही.

घरी मम्मीनं पुडा उघडला. "शेंगदाण्याचीच आणलीत? राजगिऱ्याची म्हटलं होतं."

"मी घोरावाडीला बसायचो," पप्पा म्हणाले. "तुला माहीत होतं?"

मम्मीनं चिक्की मोडली. "कंत्राटदाराच्या ऑफिसात चार भिंतींत बसणाऱ्याला रोज पिशवीत कानटोपी कशाला दिली असती मी? मी आले होते एकदा तुमच्या मागनं. स्टेशनच्या जिन्यावरनं बघितलं, तुम्ही डबा उघडून बसला होतात. तशीच परत फिरले."

पप्पांनी फाटका अंक टीव्हीजवळ ठेवला. मग म्हणाले, "आली होतीस, तर बसायचंस की शेजारी."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," मम्मी म्हणाली.

मी चिक्कीचा तुकडा हातात धरून उभी होते. बायकोला सगळं कळलेलं असतं, हे मी मनानं रचलंय असं मला इतके दिवस वाटत होतं. मी रचलं होतं ते फक्त तिचं शेजारी बसणं.