खोकला तोच

जुन्या बाजारातल्या सदूभाऊंनी अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या फार जुन्या तबकड्या दोन पेट्यांत वेगळ्या लावल्यात. एकीत देवाची गाणी, दुसरीत दारूची आणि दुःखाची. परवा त्यांनी दोन्हींतली एकेक वाजवली. गायकांची नावं वेगळी. पण कडवं संपताना येणारा खोकला अगदी तोच. चर्चमध्ये कळू नये म्हणून त्यानं नाव बदललं असणार. एकाच गळ्यातून देव आणि दारू गायची चोरी! देवाच्या तबकडीत तर खोकला जास्तच ओला होता.

"याच्या थडग्यावर यातलं कुठलं नाव घातलं असेल हो?" मी विचारलं.

सदूभाऊ तबकडी पुसत म्हणाले, "नावाचं सोडा. दगड तरी बसवला असेल का कुणी?"