कार्तिकातला समुद्र

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या इंजिनिअर प्लाटूनची पोस्टिंग ग्रेट निकोबारला झाली. वाकोल्यातले शेजारी म्हणायचे, "म्हणजे अंदमान ना?" अंदमान नव्हे. त्याच्याही खाली, जिथे देशाचा नकाशा संपतो तिथे. बेटाच्या मधोमध डोंगर आणि दाट जंगल. नवी वस्ती पूर्व किनाऱ्यावर, एका ओळीत. सरकारने माजी सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवलं होतं. बहुतेक पंजाबचे. गहू पेरणारी माणसं नारळ लावायला शिकली, समुद्राकडे मात्र पाठ करूनच बसायची.

किनाऱ्यालगतच्या रस्त्याचे पूल सांभाळणं हे आमचं काम. मी नायब सुभेदार. प्लाटूनची बोट नाईक मोरेश्वर कोळीच्या ताब्यात. हा मनोरीचा, बाप होडीवरचा तांडेल. मी मालवणकडचा, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. ऐन आषाढात तिथलं पाणी शांत बघून तो हसायचा.

"सायेब, ह्यो दर्या नाय, तलाव हाय."

वारा पश्चिमेचा होता आणि मधला डोंगर तो अडवत होता, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. नारळी पौर्णिमेला मोरेश्वरने पूजा करून नारळ सोडला. आमच्या कोकण किनाऱ्यावर त्यानंतर समुद्र होड्यांना मोकळा होतो.

कार्तिकात वारा फिरला. ईशान्येकडून थेट आमच्या किनाऱ्यावर येऊ लागला. पावसाने दक्षिणेकडचा पूल वाहून नेला, आणि दवाखाना पुलाच्या अलीकडे, आमच्या बाजूला. पलीकडच्या गावात गुरबचनसिंग नावाच्या जुन्या हवालदाराची सून अडली होती. सकाळी तिथल्या पोलीस चौकीचा वायरलेस आला.

"डिलिव्हरी केस. हालत खराब. बोट भेजो. ओव्हर."

मोरेश्वर तयारच उभा होता.

"लाटा बघितल्यास?" मी विचारलं.

"कार्तिक हाय, सायेब. गावाला आता होड्या भरून येतात."

"एक जण बरोबर घे."

"नको. बाईला झोपवून आणायची, जागा लागंल."

कार्तिक म्हटल्यावर मलाही धीर आला. "जा," म्हणालो.

तासाभराने वायरलेस बोलला. "बोट दिखी. ओव्हर." मग नुसती खरखर. मग, "बोट पलट गई. ओव्हर."

"आदमी?"

"दिख नहीं रहा."

गुरबचनसिंगांनी नंतर सांगितलं. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. लढाया लढलेली माणसं, पण एकालाही पोहता येत नव्हतं. मोरेश्वर दोनदा पाण्यावर दिसला. त्यांनी डोक्यावरच्या पगड्या सोडल्या, एकीला एक गाठ मारून पाण्यात फेकल्या. पोचल्या नाहीत. सून संध्याकाळी गेली. मोरेश्वर दोन दिवसांनी किनाऱ्याला लागला, तिथेच आम्ही त्याला अग्नी दिला.

सुट्टीवर आलो तेव्हा मार्व्याहून तरीने मनोरीला गेलो. बातमी आधीच पोचली होती. मोरेश्वरचा म्हातारा बाप अंगणात जाळं शिवत होता. मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं.

"म्हयना कंचा?"

"कार्तिक."

त्याचा हात थांबला. "खोटं नको बोलू. कार्तिकान दर्या मानूस नेत नाय. गोली लागली असंल माझ्या पोराला."

मी वाऱ्याचं, डोंगराचं समजावू लागलो. तो ऐकेना. पोरगा लढाईत गेला, असंच तो गावाला अखेरपर्यंत सांगत राहिला. पुढे मनोरीला गेलो की लोक मला विचारायचे, मी मान डोलवायचो. फार जड जायचं.

आता म्हातारा नाही. म्हणून सांगतो, त्या वर्षी तिथे कुठलीही लढाई नव्हती. नाईक मोरेश्वर कोळी एका अडलेल्या बाईला आणायला गेला आणि बुडाला.