लोहाऱ्याचा चालता दगड

लोहाऱ्याच्या माळावरचा सर्वेचा दगड तीन रात्रींत तीन मैल दक्षिणेला गेला होता. अर्थात कागदावर. मी उस्मानाबादच्या ऑफिसात गणक होतो. फील्डबुकातले आकडे घेऊन हिशेब करायचा, एवढंच काम. पण घराण्यातला पहिला बी.एस्सी. होतो, म्हणून तीनदा तपासला. चूक नव्हती.

दगडाची जागा ताऱ्यांवरून काढतात. ठरलेला तारा आभाळात सगळ्यात उंच आला की दुर्बिणीनं त्याची उंची मोजायची आणि छापील तारासूचीशी ताडायची. तारे जागा सोडत नाहीत, यावर सगळं उभं. बाकीच्या ताऱ्यांनी दगड जागेवरच दाखवला होता. एकटा एक तारा त्याला चालवत होता.

"करीमभाईंनी घरी बसून आकडे लिहिले," साहेब म्हणाले.

करीमभाई निजामाच्या काळापासूनचे सर्वेअर. समोरच उभे होते. "जे दिसलं तेच लिहिलं, साहेब."

"मग दगडाला पाय फुटले म्हणा." साहेब माझ्याकडं वळले. "जाऊन बघ. खोटं निघालं तर यांची नोकरी गेली."

आम्ही दोघं लोहाऱ्याला गेलो. दगड जागेवर होता, कुणीतरी शेंदूरही लावलेला. रात्री काचेला डोळा लावला. तारा पिवळट, ठळक. त्याच्याखाली एक मंद ठिपका. मी आकडा घेतला. दुसऱ्या रात्री परत घेतला आणि कंदिलाशी हिशेब मांडला. दगड आणखी मैलभर सरकला होता. आम्ही त्याच दगडाला टेकून बसलो होतो. पाठीला त्याचा गारवा लागत होता. मी हळूच पुढं सरकलो.

"काय बेटा," करीमभाई म्हणाले, "तू पण घरी बसून लिहिलंस व्हय?"

मग मी करीमभाईंच्या तीन आणि माझ्या दोन, अशा पाचही रात्रींचे आकडे एका कागदावर मांडले. सरळ रेष आली. खोटं लिहिणाऱ्याचे आकडे असे शिस्तीत चालत नाहीत. परत काचेतून बघितलं. खालचा मंद ठिपका जागेवरच होता. ठळक तारा त्याच्यापासून लांब गेला होता. सूचीतला तारा तो मंद ठिपका. आम्ही दोघंही ठळकाला भुललो होतो.

ऑफिसात ग्रहांच्या इंग्रजी पंचांगात मागच्या पानांवर तो सापडला. व्हेस्टा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी लघुग्रह. पाचही आकडे जुळले.

साहेबांनी करीमभाईंवरचा शेरा खोडला. "आधीच सांगायचं की," एवढंच बोलले.

त्यानंतर नोकरीभर मी एक पाळलं. चूक सरळ रेषेत चालत असेल, तर माणसाला धरायच्या आधी वर बघायचं.